गुण येण्यास विलंब होतो तेव्हा

वाचकहो, आजाऱ्याच्या भेटीस गेल्यावर आपण सर्वजण बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘आता बरे वाटते ना?’ त्या वाक्याच्या अखेरीस असलेला ‘ना’ दिसावयास लहान; परंतु शब्दांचे वजन करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो फार जड वाटतो. कारण त्या ‘ना’मध्ये उत्तर अगोदरच ठरलेले असते. आजाऱ्याने ‘होय’ म्हणावे आणि भेटणाऱ्याने समाधानाने निरोप घ्यावा, असा जणू संकेतच आहे. खरोखरच बरे वाटत नसेल तर आजाऱ्याने काय म्हणावे? पुष्कळ वर्षे हा प्रश्न मला केवळ शिष्टाचाराचा वाटत असे. तो सत्याचा आणि विश्वासाचाही प्रश्न आहे, हे मला एका दुखण्याने शिकविले. दुखणे आतड्याचे होते. त्यामुळे एरवी चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी येथे लिहाव्या लागतील, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारामुळे २०१२ साली माझे मोठे आतडे काढून टाकावे लागले. या विकारात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते; आणि औषधांनी तो आवरेनासा झाला म्हणजे शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. पूर्वी अशा रोग्याच्या पोटावर कायमचे छिद्र ठेवून मळासाठी बाहेरून पिशवी लावावी लागे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील अ‍ॅलन पार्क्स व जॉन निकोल्स या शल्यचिकित्सकांनी १९७८ साली एक निराळी रीत प्रसिद्ध केली. लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून, शिवून त्याचीच एक पिशवी शरीराच्या आत तयार करावयाची आणि ती गुदद्वाराशी जोडावयाची. तिला ‘पाउच’ म्हणतात. इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची पिशवी आज सर्वांत अधिक प्रचारात आहे, आणि माझीही तशीच आहे. असा मनुष्य दिवसातून पाच-सात वेळा शौचास जातो. पण कामधंदा, प्रवास, उपासना हे सर्व करू शकतो. भाषांतर-समितीच्या बैठकांसाठी मी या पिशवीसह रेल्वेचे दोन-दोन दिवसांचे प्रवास केले आहेत.

या पिशवीला कधी कधी सूज येते. तिला पाउचायटिस असे नाव आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी ही शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना केव्हा ना केव्हा एकदा तरी ती होते. पिशवीतील जंतूंचा समतोल ढळतो आणि अस्तर लाल होऊन सुजते. मग शौचाच्या फेऱ्या दुप्पट होतात, पोटात कळा येतात, घाई अशी की दार गाठणे कठीण, रात्री झोपेत नकळत कपडे खराब होतात, कधी अंगात ताप भरतो. उपाय म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविके साधारणतः दोन आठवडे देतात. पुष्कळांना काही दिवसांतच गुण येतो. मला पूर्वी दोनदा तसाच आला होता. २०२३ सालच्या पावसाळ्यात मात्र तो आला नाही.

पाचवा दिवस गेला, सातवा गेला, फरक नाही. मधल्या रविवारी मी कसाबसा उपासनेस गेलो. मागच्या बाकावर, दाराजवळ बसलो. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारले, “भाऊ, आता बरं वाटतंय ना?” मी म्हणालो, “देवाच्या कृपेने पुष्कळ बरा आहे.” त्यांनी तेथल्या तेथे माझ्या आरोग्याबद्दल उपकारस्तुती केली, सभोवतालच्या मंडळींनी ‘आमेन’ म्हटले. मीही म्हटले. त्या रात्री मी सात वेळा उठलो.

दहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. “सर, फरक आहे ना?” मी उत्तरलो, “हो डॉक्टर, थोडा थोडा आहे.” माझी पत्नी शेजारीच, भिजलेली चादर घेऊन उभी होती. फोन ठेवल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, डॉक्टरांना खरं का सांगत नाही तुम्ही? त्यांना वाईट वाटेल म्हणून?”

मजजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसांत माझ्या टेबलावर मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाचा कच्चा मसुदा पडून होता. त्यात बेथसैदा येथील आंधळ्याची हकिगत आहे. शुभवर्तमानांतील आरोग्यदानाच्या कथांमध्ये ही एकच अशी आहे, की जिच्यात आरोग्य दोन टप्प्यांनी येते. प्रभू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना स्पर्श करतो आणि मग त्याला काही दिसते का असे विचारतो. तो सांगतो, की माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तेव्हा प्रभू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला स्पष्ट दिसू लागते.

या उताऱ्यावर मी अनेक टीकाग्रंथ वाचले होते. परंतु आपले उत्तर देताना त्या माणसाने केवढे धैर्य दाखविले, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. समोर साक्षात प्रभू उभा आहे, ज्यांनी त्याला आणून विनंती केली ती माणसे वाट पाहत आहेत. ‘हो, दिसते’ असे म्हणणे किती सोपे होते! ते अगदीच खोटेही ठरले नसते. तरी तो आपले अर्धे दिसणे अर्धेच सांगतो. आणि वाचकहो, त्याच्या या उत्तरानंतर प्रभू त्याला दोष देत नाही, त्याच्या विश्वासाची झडती घेत नाही. दुसऱ्यांदा हात ठेवतो. मी त्याच्या जागी असतो, तर भिडेपोटी ‘पुष्कळ दिसते, प्रभू’ असे म्हणून जन्मभर चालत्या झाडांमध्ये वावरलो असतो.

मग मी स्वतःलाच विचारू लागलो, की मी खोटे का बोललो? मला तीन कारणे दिसली. ती माझ्या एकट्याची नसावीत, म्हणून येथे मांडतो.

पहिले कारण भीड. ज्यांनी आपल्यासाठी प्रार्थना केली, औषध दिले, त्यांना निराश करू नये असे वाटते. यात प्रेम आहे, हे नाकारता येत नाही. परंतु या प्रेमाचा परिणाम पाहा. माझे उत्तर ऐकून मंडळींनी माझ्यासाठी प्रार्थना करणे थांबविले, कारण ती ऐकली गेली असे त्यांना वाटले. डॉक्टरांनी औषध तेच ठेवले, कारण ते लागू पडत आहे असे त्यांना वाटले. ज्यांना दुखवू नये म्हणून मी खोटे बोललो, त्यांच्याच हातून माझ्या उपयोगी पडण्याची संधी मी काढून घेतली. रोग्याचे खोटे हे प्रथम त्याच्या सोबत्यांनाच दूर लोटते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे, आणि आपल्यासारख्या विश्वासणाऱ्यांना ते अधिक बाधते. प्रार्थना केली, औषध घेतले, तरी गुण नाही, असे सांगितले तर देवाचा कमीपणा होईल, साक्ष बिघडेल, अशी ती भीती. येथे मला ईयोब आठवला. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलत होते, आणि बोलता बोलता ईयोबाच्या आयुष्याविषयी खोटे बोलू लागले होते. ईयोबाने तेराव्या अध्यायात त्यांना विचारलेला प्रश्न विसरता येत नाही : देवाच्या वतीने तुम्ही असत्य बोलणार काय? आणि ग्रंथाच्या अखेरीस देव ज्यांच्यावर रागावतो ते हेच त्याचे वकील होत. ज्याने तक्रार केली, वाद घातला, आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, तोच योग्य बोलला असा निर्वाळा मिळतो. देवाला आपल्या खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. साक्षीदाराचे काम खटला जिंकून देण्याचे नसते. जे पाहिले ते सांगण्याचे असते.

याच ईयोबाच्या धीराची वाखाणणी याकोब आपल्या पत्रात करतो. तेथील मूळ ग्रीक शब्दाचा घडणीप्रमाणे अर्थ ‘खाली टिकून राहणे’ असा होतो. ओझे डोक्यावर आहे आणि मनुष्य त्याखालून पळालेला नाही, असे ते चित्र आहे. त्यात ओठ शिवून घेणे नाही. आपण मराठीत ‘धीर धरा’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ‘गप्प राहा’ असे सुचवीत असतो. ईयोब गप्प राहिला नाही. त्याने फक्त देवाची पाठ सोडली नाही.

तिसरे कारण लाज. हृदयविकार झाला तर मनुष्य सांगतो; मोतीबिंदू काढला तर चष्मा दाखवितो. पण रात्री कपडे खराब झाले, हे तो पत्नीलाही सांगू इच्छीत नाही. आतडे हा देहाचा नीच भाग अशी आपली समजूत आहे. पण भाषा काही वेगळेच सांगते. शुभवर्तमानांत प्रभूला लोकांचा कळवळा आला असे जेथे जेथे येते, तेथे पुष्कळ ठिकाणी जे ग्रीक क्रियापद आहे, ते आतडी, पोटातील अवयव या अर्थाच्या नामापासून बनले आहे. करुणेचे स्थान त्या भाषेने पोटात मानले. आणि हे आपल्याला परके आहे काय? आपले ‘आतडे तुटते’, आपण ‘पोटात माया’ ठेवतो. मनुष्य वेदनेनेही कळवळतो आणि दुसऱ्याचे दुःख पाहूनही कळवळतो. ज्या अवयवाच्या नावाने प्रभूची दया सांगितली गेली, त्याच्या दुखण्याची लाज त्याच्यासमोर तरी कशाला वाटावी?

अकराव्या दिवशी मी पत्नीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. या वेळी एका वहीच्या पानावर सर्व लिहून नेले होते : कोणत्या दिवशी दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, ताप किती, रक्त दिसले की नाही, काय खाल्ले, कोणत्या गोळ्या केव्हा घेतल्या. डॉक्टरांनी शांतपणे ते वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले. रक्त कमी असल्याने मी लोहाची गोळी घेत असे. आणि सोय म्हणून ती व सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी सकाळी एकत्रच, पेलाभर दुधाबरोबर घेत होतो. लोह आणि दुधातील कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतात, त्यामुळे ते पुरेसे रक्तात शोषले जात नाही. म्हणून लोहाच्या गोळीपूर्वी दोन तास किंवा नंतर सहा तास सोडून ते घ्यावयाचे असते. आम्लपित्ताच्या काही औषधांनाही हाच नियम लागू आहे. डॉक्टर म्हणाले, “सर, हे तुम्ही काल फोनवर सांगितलं असतंत, तर मी तेव्हाच विचारलं असतं.” मी मान खाली घातली. पत्नी काही बोलली नाही, हे तिचे औदार्य.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन आठवड्यांच्या आत गुण दिसत नसेल तर सूज दुसऱ्या कशाने आहे का हे पाहावे लागते. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाच्या जंतूसाठी मळाची तपासणी करतात. हा जंतू पुष्कळदा प्रतिजैविकांच्या मागोमागच बळावतो. दुर्बिणीने पिशवी आतून पाहतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या जात नाहीत ना, हे विचारतात, कारण त्यांनीही ही सूज वाढते. मग औषध बदलतात, किंवा दोन प्रतिजैविके एकत्र करून चार आठवड्यांपर्यंत देतात. तरीही न भागल्यास ब्यूडेसोनाइडसारखी सूज उतरविणारी औषधे आहेत; आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या दीर्घ पाउचायटिससाठी व्हेडोलिझुमॅब या औषधाला युरोपात २०२२ साली मान्यता मिळाली आहे. म्हणजे पहिल्या गोळीने गुण आला नाही, तर वाट तेथे संपत नाही. पण पुढचे दार डॉक्टरांनी उघडावे, यासाठी मागचे दार उघडले नाही हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. आणि ते रोग्यावाचून कोण सांगणार?

माझ्या तपासणीत दुसरा जंतू निघाला नाही. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, मेट्रोनिडाझोलची जोड दिली गेली. तोंडाला धातूसारखी चव आली, अन्नावरची वासना गेली. या औषधाने हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर लगेच कळवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पुढचे तीन आठवडे हळूहळू गेले. रात्रीच्या सात फेऱ्या पाच झाल्या, मग चार, मध्येच एकदा पुन्हा सहा. बेथसैदाच्या माणसाला दुसरा स्पर्श पुरला. मला आणखी काही लागले.

या दिवसांत काय करावे, हे ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठे आतडे नसलेल्या शरीरातून पाणी व मीठ लवकर निघून जाते, म्हणून नुसते पाणी न पिता जलसंजीवनी घोटघोट घ्यावी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित-छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचविले. मऊ भात, पेज, केळे पोटाला मानवते. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून झिंक ऑक्साइडचे मलम लावल्यास त्वचेची आग कमी होते. गुण नाही म्हणून गोळी दुप्पट करू नये, थोडा गुण आला म्हणून मध्येच सोडू नये, जुन्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. जोराचा ताप, रक्त, असह्य पोटदुखी, लघवी कमी होणे, उभे राहताच घेरी, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

येथे कोणी म्हणेल, की मग आजाऱ्याने भेटेल त्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडीत बसावे काय? तसे नाही. सत्य सांगणे वेगळे आणि सर्वांना सर्व सांगणे वेगळे. डॉक्टरांना आपण संपूर्ण सत्य देणे लागतो, कारण त्यांचा निर्णय त्यावरच उभा राहतो. घरच्यांना पुरेसे सत्य देणे लागतो, कारण आपले ओझे त्यांच्या खांद्यावरही असते. मंडळीला आपल्या आतड्याचा तपशील देण्याची गरज नाही. परंतु जे सांगावे ते खरे असावे. “अजून गुण आलेला नाही, प्रार्थना चालू ठेवा,” हे वाक्य त्यानंतरच्या रविवारी मी उभे राहून बोललो. कोणाचा विश्वास डळमळल्याचे मला दिसले नाही. उलट उपासनेनंतर एक वृद्ध भगिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “भाऊ, माझ्याही गुडघ्याला गुण नाही आला. गेल्या नाताळात साक्ष दिली होती मी.” आम्ही दोघेही हसलो. मग त्या थोड्या रडल्या.

पौलाच्या पत्रांतही अशी माणसे आहेत. तीमथ्याचे पोट वारंवार बिघडे. पौल त्याला कमी विश्वासाबद्दल बोल लावीत नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय सांगतो. त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेत येथे ठेवून आलो, असे तो साध्या शब्दांत कळवितो. ज्या पौलाच्या हातून इतरांना आरोग्य मिळाले, त्याचा सोबती मागे आजारी राहिला, आणि हे लपविण्याची आवश्यकता त्याला वाटली नाही. त्या एका ओळीने कित्येक अंथरुणांवरचा दोषाचा भार हलका झाला असेल.

आपल्या भाषेत औषधाने ‘गुण’ येतो आणि माणसाच्या अंगीही ‘गुण’ असतो. दोन्हींसाठी आपण एकच शब्द वापरतो. औषधाचा गुण केव्हा येईल, हे माझ्या हाती नव्हते. पण तो येईपर्यंत खरे बोलण्याचा गुण माझ्या हाती होता, आणि पहिले दहा दिवस मी तो वापरला नाही. आज माझी पिशवी शांत आहे. पुन्हा सुजणार नाही असे मी म्हणत नाही. ती वही टेबलाच्या खणातच आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी जे आज औषधाच्या गुणाची वाट पाहत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की तुम्हांला माणसे झाडांसारखी दिसत असतील तर तसेच सांगा. आणि जे धडधाकट आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आजाऱ्याच्या खाटेपाशी जाल, तेव्हा तो ‘ना’ गाळून विचारा : ‘आज कसे वाटते?’ आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबा.